पाहुण्यांचा रस्सा

वत्सलाकाकू,

गेल्या सोमवारी संध्याकाळी काका तुमची पत्त्यांची डायरी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "शैला, मुलींना तूच कळव. माझ्याच्याने लिहवत नाही." चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले आणि जिना उतरून गेले. डायरीत एकोणतीस पत्ते आहेत. न्यू जर्सी, टोरांटो, बर्मिंगहॅम, मस्कत, एक ऑस्ट्रेलियातला. मी पोस्टातून निळी एरोग्रॅमं आणून ठेवली. बँकेतून आले की एक उघडते, 'प्रिय ज्योत्स्ना' लिहिते आणि थांबते. तुम्ही गेलात हे एका ओळीत लिहून होतं. बाकीचं पान तसंच कोरं राहतं. म्हणून म्हटलं, आधी तुम्हालाच लिहू.

तीन आठवडे झाले. सकाळी काका दूध आणायला केंद्रावर गेले होते. परत आले तेव्हा तुम्ही ओट्यापाशी जमिनीवर बसला होतात, पाठ भिंतीला टेकलेली. पोहे अर्धे परतून झालेले आणि गॅस बंद केलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका एकच गोष्ट सांगत होते, की तिने गॅस बंद केला आणि मग बसली. शेवटच्या क्षणीही तिने घराची काळजी घेतली, हे त्यांना सांगायचं असायचं. तुमचा मुलगा पुण्याहून आला, तेराव्यापर्यंत राहिला, काकांना बरोबर चला म्हणाला. काका गेले नाहीत. ट्रॉम्बेची नोकरी संपूनही सकाळी सातला ऑफिसची बस यायच्या वेळी खिडकीत उभे राहतात, ती खिडकी सोडून ते कसे जाणार, असं मला वाटून गेलं.

तुमच्या मुली म्हणजे तुमच्या क्लासच्या मुली. शनिवारी दुपारी तीन वाजता. तुमचं स्वयंपाकघर एवढंसं, सहाजणी उभ्या राहिल्या की सातवीला दारातून बघावं लागायचं. सगळ्या लग्न ठरलेल्या, परदेशी जायच्या बेतातल्या. कुणी घाटकोपरची, कुणी मालाडहून दोन गाड्या बदलून आलेली. त्यांच्या आया त्यांना घरी पुरणपोळ्या नि उकडीचे मोदक शिकवत होत्या. तुम्ही शिकवत होतात ते कुठल्याच आईला येत नव्हतं. परक्या देशात, परक्या माणसाला आपल्या टेबलावर बोलावलं तर काय वाढायचं, हा तुमचा विषय.

आणि हे शिकवणाऱ्या तुम्ही स्वतः तोवर देवगडहून मुलुंडला आला होतात, एवढाच तुमचा प्रवास. नवी मुलगी हमखास विचारायची, "काकू, तुम्ही कुठल्या देशात होतात?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "देवगड ते मुलुंड." मुली हसायच्या. मीही पहिल्यांदा हसले होते. पुढे तुम्ही मला त्यातलं खरं सांगितलंत. तुमच्या माहेरी बांगड्याच्या कालवणात तिरफळं घालायचे, ती मिरीएवढी काळी फळं, ज्यांच्या वासाशिवाय तुम्हाला मासा मासा वाटत नसे. सासर वाईचं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तुम्ही तसं कालवण केलंत आणि सासूबाईंनी ताट पुढे सरकवून विचारलं, हा औषधाचा वास कसला. त्या दिवशी तिरफळांची पुरचुंडी तुम्ही ट्रंकेत साड्यांखाली ठेवलीत. मग कालवणात गूळ आला, शेंगदाण्याचं कूट आलं. सासूबाई गेल्यावर तुम्ही पुन्हा करू शकला असतात, पण तोवर काकांची जीभ त्या कालवणाला सरावली होती. "मग काय करतलंय," एवढंच म्हणाला होतात. तुमच्या तोंडी मालवणी असं मधूनच यायचं, बहुतेक जेवणाबद्दल बोलतानाच.

क्लास सुरू झाला तो ज्योत्स्नामुळे. तुमच्या खालच्या मजल्यावरची ज्योत्स्ना अठ्ठ्याहत्तर साली लग्न करून बर्मिंगहॅमला गेली आणि दोन महिन्यांत तिचं तुम्हाला पत्र आलं. आईला लिहिलं तर ती रडेल म्हणून तुम्हाला लिहिलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसातले साहेब आणि त्यांची बायको घरी जेवायला आले होते. हिने आपला नेहमीचा कोंबडीचा रस्सा केला. साहेबांनी दोन घास खाल्ले, कानापर्यंत लाल झाले आणि पाण्याचा जग संपवला. बाईंना हाड तोंडातून कसं काढावं ते कळेना, त्यांनी ते हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी घरमालकीण येऊन सांगून गेली की वास पडद्यांना लागलाय. पत्राच्या शेवटी फक्त एवढंच होतं, 'काकू, मी काय करू?'

तुम्ही लगेच उत्तर धाडलं नाहीत. तीन आठवडे एकाआड एक दिवस रस्सा केलात आणि दर वेळी त्यातलं काहीतरी काढलंत. काका मला पुढे सांगत, मी आणि पोरगा मुकाट खात होतो, रोज थोडा फिका, रोज थोडा गोड, विचारायची सोय नव्हती. शेवटी जे उरलं त्याला तुम्ही वहीत नाव दिलंत, पाहुण्यांचा रस्सा.

मला तो अजून डोळे मिटून करता येईल. कांदा-खोबरं काळसर भाजायचं नाही, गुलाबीवर उतरवायचं, म्हणजे रंगही हलका आणि वासही कमी. लसूण निम्मी. मसाला पाव चमचा, तोही फोडणीत नाही, टोमॅटोत. कोकम तिकडे मिळणार नाही म्हणून टोमॅटोच आंबट. डब्यातलं खोबरं साखर घातलेलं असतं, ते गरम पाण्यात दोनदा धुऊन घ्यायचं. कोंबडी हाडाशिवाय, कारण काट्याला हाड लागलं की पाहुणा बावचळतो. शेवटी दोन चमचे साय. यातलं बरंचसं तुम्हाला मुलींनीच पत्रांतून कळवलेलं. एकीने लिहिलं की फोडणी दिली की घरात धुराची घंटा वाजते आणि शेजारी जमतात, तर पुढच्या शनिवारी तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, फोडणीच्या वेळी नवऱ्याला त्या घंटेखाली टॉवेल हलवत उभं करायचं. तेवढं तरी काम त्याच्याकडून होईल.

मी तुमच्याकडे आले एक्क्याऐंशीत. माझा साखरपुडा झाला होता, मुलगा शिकागोला. कागदपत्रं झाली की सहा महिन्यांत जायचं होतं. मी घरची थोरली, सगळ्या चाळीत कौतुक, बँकेत साहेब म्हणायचे, आता काय, तुम्ही चाललात. सहाचे चौदा महिने झाले. तुमचा क्लास खरं तर सहा शनिवारांचा, पण मी येत राहिले, कारण अजून जायचंच होतं ना. मग एक दिवस मुलाच्या वडिलांचं बाबांना चार ओळींचं पत्र आलं. त्याने तिकडे लग्न केलं होतं. क्षमस्व, असा शेवट होता.

त्या शनिवारी मी घरी बसले असते तर आईने माझ्याकडे बघत दुपार काढली असती. म्हणून क्लासला आले. तुम्हाला कळलेलं असणारच, मुलुंडात काय लपतं. मी दारातच घुटमळले. आत पाच नव्या मुली, पाचजणींच्या बोटात नव्या अंगठ्या. तुम्ही मला हाताने आत ओढलंत, नारळाची कवड पुढ्यात ठेवलीत आणि त्या मुलींना म्हणालात, "ही शैला. आज वाटण ही दाखवेल." मी खवणीवर बसले. खोबरं खवता खवता डोळे भरायला लागले तसं तुम्ही वाकून कानात म्हणालात, "रडायचं असेल तर तिकडे कांदे चिरायला बस. कोणाला कळणार नाही."

त्या दिवशी मी दीड किलो कांदे चिरले. त्यानंतर आठ वर्षं मी तुमच्याबरोबर त्या ओट्याशी उभी राहिले. या आठ वर्षांत तुम्ही एकदाही मला बिचारी म्हणाला नाहीत, एकही स्थळ आणलं नाहीत, आणि तो शिकागोवाला विषय काढला नाहीत. याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. हे असं कुणाला तोंडावर बोलतात का, काय म्हणायचं असतं, मला माहीत नव्हतं.

बोलले ते भलतंच. भांडणच काढलं.

मला तुमचा तो रस्सा सहन होईनासा झाला. आधी मी तो आवडीने शिकले होते, कारण मला तो शिकागोत करायचा होता. आता मुली साय घालायला लागल्या की माझ्या डोक्यात तिडीक जायची. आपणच का कमी करायचं? इथे कोणी बाहेरचा आला तर तो त्याच्या घरचं बदलतो का? तुम्ही शांतपणे ऐकून घ्यायचात. म्हणायचात, जो जेवायला आला तो पाहुणा, मग घर मुलुंडला असो नाहीतर न्यूयॉर्कला, आणि पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आणून काय मिळवायचंय. मी म्हणायचे, मग त्याला भात-वरण द्या, पण आपल्या रश्श्याचं हे करू नका. तुम्ही म्हणायचात, वरणाला पण तिकडे डाळ शोधावी लागते. असं आठवडेच्या आठवडे. काका पेपरामागून सांगायचे, तुमचं झालं की मला सांगा, मी तेवढ्यात खाली जाऊन येतो. भांडण तिरफळापर्यंत आलं की मात्र तुम्ही गप्प व्हायचात. मी एकदा म्हटलं होतं, तुम्हाला वाईच्या घरात दामटलं म्हणून तुम्ही आता सगळ्यांना तेच शिकवता. तुम्ही टोप घासत राहिलात.

मग शहाऐंशीत ज्योत्स्नाला दुसरं मूल व्हायचं होतं. तिची आई गुडघ्यांनी अडलेली, म्हणून तिने तुम्हाला बोलावलं. तुम्ही नाही म्हणत होतात. काकांनीच पासपोर्टचे फॉर्म आणले, तुमचे फोटो काढवले, गरम कोट कोणाकडून तरी मागून आणला. विमानतळावर तुम्ही माझा हात धरून म्हणालात, शनिवार चुकवू नकोस. तीन महिने मी एकटीने क्लास घेतला आणि खरं सांगते, पाहुण्यांचा रस्सा शिकवताना मी मसाला पाव ऐवजी अर्धा चमचा घालत होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही परत आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी आले. तुम्ही मेथी निवडत होतात. बाळाचं सांगितलंत, थंडीचं सांगितलंत, दुकानातल्या सरकत्या जिन्याचं सांगितलंत. मी विचारलं, आणि रस्सा? तुम्ही हसायला लागलात. इतक्या हसलात की काका आतून बघायला आले.

बारसं झाल्यावर ज्योत्स्नाने सहाजणांना जेवायला बोलावलं होतं. तीन शेजारी, तीन नवऱ्याच्या ऑफिसातले. तुम्ही सकाळपासून ओट्याशी. शनिवारी शिकवता तसा, वहीतल्यासारखा, एक चमचा इकडचा तिकडे न करता केलात. पाहुणे बसले. सगळे छान छान म्हणाले. मग शेजारचा एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर ज्योत्स्नाकडे वळून हळूच काहीतरी बोलला. ती आत गेली आणि लाल सॉसची बाटली घेऊन आली. त्याने ती रश्श्यावर सपासप उलटी केली आणि बाटली टेबलभर फिरली. तुम्ही विचारलंत, काय म्हणाला तो? ज्योत्स्ना आधी काही नाही म्हणाली. मग म्हणाली, "काकू, यांना आता तिखट लागतं. हे लोक दर शुक्रवारी हॉटेलात जाऊन आपल्यापेक्षा तिखट खातात."

ज्योत्स्नाने तो रस्सा चार वर्षांपूर्वीच सोडून दिला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नव्हतं. दर पत्रात ती लिहीत राहिली की पाहुण्यांना रस्सा फार आवडला, आणि तुम्ही ते वाक्य शनिवारी मुलींना वाचून दाखवत होतात.

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने तुम्हाला त्या हॉटेलात नेलं. विंदालू नावाचं जे समोर आलं त्याचा एक घास घेतलात आणि तुमच्यासारख्या देवगडच्या बाईच्या नाकातोंडातून पाणी आलं. तिखट होतं, पण बाकी काही नव्हतं, असं तुम्ही म्हणालात. तुम्ही उठून सरळ मागे भटारखान्यात गेलात. तिथला स्वयंपाकी बांगलादेशातल्या सिल्हेटचा, साठीचा. मोडक्या हिंदीत तुमचं जमलं. त्याने तुम्हाला भलंमोठं पातेलं दाखवलं, त्यात नुसता उकडलेला कांदा वाटून ठेवलेला. सगळं त्यातूनच निघतं, म्हणाला. थोडं तिखट घातलं की एक नाव, जास्त घातलं की दुसरं, साय घातली की तिसरं. तुम्ही विचारलंत, तुम्ही स्वतः काय खाता? त्याने कोपऱ्यातलं छोटं भांडं उघडलं. मोहरी लावलेला मासा होता, त्यांच्या सगळ्या माणसांसाठी वेगळा केलेला. एका बशीत भात आणि मासा घालून तुमच्या हातात दिला. तुम्ही तिथेच उभ्याने, हाताने जेवलात.

"माका थंय जेवाण गावलां," तुम्ही म्हणालात. तीन महिन्यांत पहिल्यांदा खरं जेवण मिळालं ते त्या भटारखान्यात. आणि मग तुमचं हसणं थांबलं. मेथीची काडी हातात तशीच. म्हणालात, "चार वर्षं तिने मला सांगितलं नाही गो."

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते आज मला कळतं. तुमच्या हातातली मेथी घेऊन निवडायला हवी होती. पण इतकी वर्षं भांडून शेवटी माझं खरं ठरलं होतं. मी म्हटलं, "मी सांगत होतेच काकू. तुम्ही इतकी वर्षं मुलींना घाबरायला शिकवलंत."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "असेल," म्हणालात. मग उठून मला तिकडून आणलेलं चॉकलेट दिलंत. त्या वेळी एवढंच काय ते झालं.

तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही त्या आठवड्यात सगळ्या मुलींना पत्रं लिहिलीत. पत्ते मीच घातले होते. त्यात तुम्ही विचारलं होतं, खरं खरं लिहा, पाहुणे आले की काय करता. दोन महिने उत्तरं येत होती. आपण ती शनिवारी मुली यायच्या आधी वाचायचो. टोरांटोची म्हणाली, मी बाहेरून पिझ्झा मागवते. एकीच्या घरी नवराच स्वयंपाक करत होता. मस्कतच्या उषाने लिहिलं की शेजारच्या सुदानी बाईला तिने बांगड्याचं कालवण खिलवलं आणि आता ती दर आठवड्याला भांडं घेऊन येते. कोणी लिहिलं, मुलंच खात नाहीत हो काकू, पाहुण्यांचं काय घेऊन बसलात. न्यू जर्सीच्या मीनलचं पत्र मात्र मी मोठ्याने वाचलं तेव्हा माझा आवाज मध्येच खाली गेला, तुमच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. तिने लिहिलं होतं, 'पहिल्या वर्षी मी कोणाला ओळखत नव्हते. दिवसभर घरात एकटी. तुमचा रस्सा केला, शेजारणीला बोलावलं. तिला तो खाता आला, म्हणून ती परत आली. आता मी तो करत नाही, पण त्या वर्षी तो नसता तर काय केलं असतं माहीत नाही.'

तेव्हाही मी माझं ते वाक्य मागे घेतलं नाही. पत्र घडी करून डब्यात ठेवलं आणि म्हटलं, आज किती जणी येणार आहेत.

तुम्ही क्लास बंद कराल अशी मला भीती होती. केला नाहीत. ट्रंकेतून ती पुरचुंडी काढलीत, अर्थात आतल्या तिरफळांचा भुगा झाला होता, मग देवगडहून नवीन मागवलीत. पहिला शनिवार तुमच्या माहेरच्या बांगड्याचा झाला. मुलींना सांगितलंत, बांगडा तिकडे मिळतो, मी बघून आलेय, हे तुमच्यासाठी, कोणाला वाढायचं बंधन नाही. काकांनी त्या दिवशी ताटातलं तिरफळ चावलं आणि दहा मिनिटं जीभ बधिर झाली म्हणून तक्रार केली, पण भात पुन्हा मागून घेतला. पाहुण्यांचा रस्सा तिसऱ्या शनिवारी गेला. त्याआधी एक नवीन गोष्ट तुम्ही सांगायला लागलात, की आधी पाहुण्याला विचारा. काय आवडतं, काय चालत नाही. इतकी वर्षं आपल्याला हे सुचलंच नाही, शैला, असं तुम्ही मुलींसमोर म्हणालात. आपल्याला म्हणालात. चूक वाटून घेतलीत. खरं तर त्यात माझा काही वाटा नव्हता, मी तर नुसती भांडत होते.

पुढची तीन वर्षं छान गेली. तुम्ही माझ्याशी पूर्वीसारख्याच होतात. मला वाटलं, विसरलात. आता वाटतं, तुम्ही विसरायच्या नव्हतात, तुम्ही फक्त ते काढलं नाहीत, जसं शिकागोचं कधी काढलं नाहीत. शेवटच्या गुरुवारी आपण जिन्यात भेटलो तेव्हाही वाद घालत होतो. कोंबडी हाडासकट शिकवायची का. तुम्ही म्हणालात, हाडाशिवाय रश्श्याला अर्क येत नाही हे मला कळतं, पण हाताने जेवायची लाज वाटते अशी मुलगी असेल तर तिने काय करायचं. मी म्हटलं, लाज सोडायची. तुम्ही म्हणालात, शनिवारी बोलू.

तो शनिवार काही आला नाही. आला तो कालचा.

काल साडेतीनला काका आमच्याकडे आले. म्हणाले, मालाडहून एक मुलगी आलीय, वत्सलाने तिला महिन्यापूर्वी पोस्टकार्डाने आजची तारीख दिली होती, तिला काही माहीत नाही, मी काय सांगू? मी तशीच चपला घालून आले. अनघा तिचं नाव, बावीस-तेवीसची. काकांनी सांगितलं होतं तोवर. ती उभ्याने, पर्स छातीशी धरून, मी जाते म्हणत होती. मी तिला आत घेतलं. तीन आठवड्यांनी मी पहिल्यांदा तुमचा गॅस पेटवला. काका बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले, पण पान उलटल्याचा आवाज येत नव्हता.

मी विचारलं, लग्न कधी आहे, सासर कुठल्या देशात. ती म्हणाली, "लग्न नाही हो. शिकायला चाललेय, अमेरिकेत. एकटीच." मला इतकं बरं वाटलं काकू. तुमच्या क्लासला आलेली ही पहिलीच, जिला कुठल्याच साहेबाला जेवायला बोलवायचं नव्हतं. मी बांगडे आणायला खाली जायला निघाले. तिला म्हटलं, मग तू आपल्याला हवं तसं झणझणीत कर, कोण विचारतंय.

ती विळीपाशी बसली होती. म्हणाली, "स्वयंपाकघर चौघींत आहे. बाकीच्या तिघी तिकडच्याच आहेत. त्यांनी वास येतो म्हणून तक्रार केली तर मी कुठे जाऊ? माझं तिकडे कोणीच नाही." हे ती हसत बोलत होती, पण एकच कांदा पुन्हा पुन्हा हातात फिरवत होती, चिरत नव्हती.

मी पिशवी खाली ठेवली. फ्रिजमध्ये काकांसाठी आणलेली कोंबडी होती, ती काढली. खोबरं भाजायला घेतलं आणि तिला म्हटलं, "गुलाबी झालं की उतरव. काळं करू नकोस." माझ्याच तोंडून हे आलं. मग मसाला पाव चमचा, लसूण निम्मी, सगळं. "पहिल्या आठवड्यात हा कर. त्या तिघींना विचार, बोलव, वाढ. एकदा ओळख झाली की मग बांगडा."

या मुलीसारखे चेहरे त्या ओट्याशी दर शनिवारी येत होते. आठ वर्षं तुम्ही त्यांच्याकडे बघून मसाला मोजत होतात आणि मी शेजारी उभी राहून टोपात काय कमी पडलं ते बघत होते. घाबरायला तुम्ही शिकवलं नव्हतं, काकू. त्या आधीच घाबरलेल्या यायच्या. मीही तशीच आले होते, पाच अंगठ्यांसमोर, आणि मला तुम्ही नारळ दिला होतात. ते वाक्य मी मागे घेते. तीन वर्षं उशीर झाला आणि तुम्ही ऐकायला नाही, तरी घेते.

रस्सा झाला. अनघाने डाव तळहातावर टेकवून चाखला. मग माझ्याकडे संकोचून बघत म्हणाली, "छान आहे. पण अजून थोडं तिखट घातलं तर चालेल का?"

मी मसाल्याचा डबा तिच्याकडे सरकवला. बाहेर काकांनी पेपर खाली ठेवला आणि ताटं घ्यायला आत आले.